माझ्या नावाची दुसरी प्रत

सोमवार, ६ मे २०२४

सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटं. या वेळी, माझ्या डोळ्यांदेखत आणि माझ्या संमतीविना, माझा उजवा अंगठा एका मेलेल्या माणसाच्या नावावर चढवला गेला. वेळ भिंतीवरच्या घड्याळातली नाही, माझ्या मनगटावरच्या घड्याळातली आहे. शाळेत सिस्टर फिलोमिना सांगायच्या, तक्रार लिहायची तर आधी तारीख, मग वेळ, मग राग. राग पुढे येईलच.

बाकी दिवस छान गेला. निवृत्तीनंतर दोन वर्षं औरंगाबादच्या फ्लॅटमध्ये कुंड्यांना पाणी घालून कंटाळले होते. लेकीला, चैतालीला, पुण्यात तिचा संसार आहे, तिच्या स्वयंपाकघरात लुडबूड करण्यात मला रस नाही. तेव्हा हे काम चालून आलं आणि मी पिशवी भरली. बीडजवळच्या पालीत भामाबाईंकडे खोली मिळाली आहे. स्वच्छ, पुढं लिंबाचं झाड, भिंतीवर बाबासाहेबांचा मोठा फोटो. काल रात्री त्यांनी येसराची आमटी आणि ज्वारीची भाकरी वाढली आणि मी पाहुण्यासारखी लाजत तीन भाकरी खाल्ल्या. सकाळी काळीपिवळी जीपनं घाट चढून वर आले. वारा होता. हे वय नव्या नोकरीचं नाही असं म्हणणाऱ्यांनी हा घाट सकाळी चढून बघावा.

ऑफिस म्हणजे उंच टाकीखालच्या दोन खोल्या. एकीत माणसं आणि उकाडा, दुसरीत सर्व्हर आणि एसी. संस्था अकरा गावांना तलावाचं पाणी पोचवते. पाइपलाइनवर बारा चेंबर आहेत, म्हणजे जमिनीखालच्या सिमेंटच्या खोल्या, वर लोखंडी झाकण. प्रत्येकीत एक मोठा व्हॉल्व्ह, तो फिरवणारी मोटर आणि सर्व्हरचा हुकूम घेणारी पेटी. सर्व्हर हुकूम देतो, मोटर फिरते, त्या गावाला पाणी सुटतं. हुकूम कोण देऊ शकतो हे सर्व्हरमधल्या रोलवर ठरतं. प्रमुखाला सगळं करता येतं, ऑपरेटरला नेमून दिलेलं, बाकीच्यांना नुसतं बघता येतं. समोरचा माणूस खरंच प्रमुख आहे हे सर्व्हर त्याच्या सर्टिफिकेटवरून ओळखतो, तोंडावरून नाही. ते सर्टिफिकेट ३१ मेला संध्याकाळी सहाला संपतं. त्यानंतर एकही व्हॉल्व्ह उघडणार नाही आणि या दुष्काळात अकरा गावं घागरी घेऊन उभी राहतील. त्याआधी नवं सर्टिफिकेट काढायचं आणि सगळ्या रोलचा, सर्टिफिकेटांसकट, बॅकअप घ्यायचा. टेलिफोन खात्यात तेहतीस वर्षं मी हेच केलं.

आता तो अंगठा. संस्थेचे सचिव प्रवीण, वय पस्तिशीचं, दोन कानांना दोन मोबाईल. त्यांनी अंगठ्याचं यंत्र पुढं केलं, मला वाटलं हजेरी असेल. पडद्यावर उमटलं: प्रमुख, राधाकिशन, अंगठा नोंदवला. मी विचारलं हे गृहस्थ कुठे आहेत. प्रवीण पंख्याकडे बघत म्हणाले, ते वारले, दोन वर्षं झाली. नाव बदलायचं म्हणजे सभा, ठराव, अकरा सरपंचांच्या सह्या, त्यापेक्षा चालू द्या की त्यांच्याच नावानं. त्यांच्या घरचं लाइटीचं मीटर म्हणे अजून आज्याच्या नावावर आहे, आज्या जाऊन बावीस वर्षं झाली, उजेड पडायचा थांबला का. मी म्हणाले, तुमच्या डोक्यात पडत नाही म्हणूनच मला बोलावलं असावं. ते हसले. माणूस वाईट नाही. आळशी आहे.

बुधवार, ८ मे

रोलची यादी काढली. तीन रोल आणि सगळीकडे एकच माणूस. वनमाला फोनवर गावांच्या तक्रारी लिहून घेते, ती राधाकिशन म्हणून आत जाते. प्रवीण मोबाईलवरून राधाकिशन म्हणून जातात. बीडचा मोटरदुरुस्तीवालाही राधाकिशन. पासवर्ड कपाटाच्या दाराला आतून खडूनं लिहिलेला आहे. गेल्या महिन्यात या मेलेल्या माणसानं एका वेळी तीन ठिकाणांहून काम केलं. जिवंतपणी एवढं केलं असतं तर अकरा गावं हिरवीगार झाली असती.

वनमालाला झापलं. ती चाळिशीची, तोंडाळ, पण मनानं साफ. ती म्हणाली, मॅडम, तुमी लई कायदा करताय. सायबाच्या नावानं काही बिघडलं तर बोलणी कुणालाच बसत न्हाईत, गाववाले शिव्या घालतात त्या सायबाला, अन् सायबाला काय ऐकू येतंय.

व्हॉल्व्हमन हरिबा साठीचा आहे, मेंढपाळांच्या घरचा. त्याच्या शेळ्या पाइपलाइनच्या कडेनं चरतात आणि तो चरता चरता चेंबरं तपासतो. सहा नंबरपर्यंत तपासतो आणि मग आठपासून पुढं. सात नंबर कुठल्या गावाचं नाही, पाइप धुवायचं आहे, व्हॉल्व्ह उघडला की पाणी चेंबरातच सुटतं; ते ऑफिसच्या खालीच, उतारावर दोनशे पावलांवर आहे. ते का वगळतो विचारलं तर म्हणाला, माझे गुडघे दुखतेत. आठ नंबर त्याहून खोल आहे.

गुरुवार, ९ मे

सर्व्हर आपल्या सगळ्या हुकुमांची नोंद ठेवतो. ती वाचत बसले.

१९ एप्रिल २०२२, दुपारी चार वाजून दहा मिनिटं. व्हॉल्व्ह सात, उघडा. हुकूम देणारा: राधाकिशन. ठिकाण: ऑफिस.

वनमालानं सांगितलं, त्या वेळी राधाकिशन सात नंबरच्या चेंबरमध्ये होता. झाकण वरून लावलेलं होतं. संध्याकाळी त्याचं प्रेत काढलं तेव्हा चेंबर गळ्यापर्यंत भरलेलं होतं. पोलिसांनी नोंद पाहिली, हुकूम त्याचाच आहे म्हटलं, स्वतःच सोडून विसरला असेल म्हटलं आणि कागद मिटला. प्रवीण त्या दिवशी बीडला होते, वनमाला माहेरी. दोघांनी मला आपापले पुरावे न विचारता सांगितले. दोन वर्षं तयार ठेवले असावेत.

एकच पासवर्ड चौघांना ठाऊक असला की असा खून करता येतो आणि खुनी म्हणून मेलेल्याचं नाव लागतं. हे मी प्रवीणना तोंडावर सांगितलं. मी माझ्या स्वतःच्या नावानं रोल मागणारा अर्ज दिला, पोच घेतली.

मंगळवार, १४ मे

मतदानामुळे सगळं दोन दिवस अडलं होतं. आज परवानगी मिळाली, लेखी. प्रवीणनी कुरकुर केली, की नावात काय एवढं मॅडम, काम झाल्याशी मतलब.

त्यांना मी जे सांगितलं ते इथंही लिहिते. माझ्या आजीला गाव ज्या नावानं हाक मारायचं ते नाव मी कागदावर लिहिणार नाही. छप्पन साली आजोबा नागपूरहून परत आले आणि त्यांनी घरातल्या सगळ्यांची नावं बदलली. माझे वडील आश्रुबा शाळेत शिपाई होते. मुलीला मिशनच्या शाळेत घालताना हेडमिस्ट्रेस म्हणाल्या, नाव लांब आहे, शीला करू या. वडील हात जोडून उभे राहिले, पण नाव कापू दिलं नाही. पंचशीला आश्रुबा ओव्हाळ. सगळं मिळून हे एक नावच माझ्या मालकीचं आहे आणि ते कुठल्याही मेलेल्याच्या नावाखाली जाणार नाही.

वनमाला म्हणाली, बरोबर हाय तुमचं. मग थोड्या वेळानं म्हणाली, पण मॅडम, युवराजला एकदा फोन लावा.

गुरुवार, १६ मे

युवराज माझ्याआधी इथे होता, तीन महिने. आता परळीला आहे, राखेच्या गाड्यांचा हिशेब लिहितो. एवढा शिकलेला मुलगा राखेत का बसला असं विचारायला फोन केला.

त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, रोल तुमच्या नावानं करा, पण त्याचा बॅकअप घेऊ नका. मी विचारलं, हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय. तो म्हणाला की त्यानं घेतला होता. तिसऱ्या दिवशी भर दुपारी तो ऑफिसात बसलेला असताना गावाहून आईचा फोन आला, की तुझी पिशवी इथं राहिली, जेवून गेलास अन् पिशवी विसरलास. तो म्हणाला, मी तर इथंच हाय. आई म्हणाली, मग आत्ता कोण जेवून गेलं.

त्यानं तेव्हाच्या तेव्हा बॅकअपची ड्राइव्ह चुलीत घातली, सर्व्हरमधून नाव पुसलं आणि परत घाट चढला नाही. पुसता आलं म्हणून मी हाय, असं म्हणाला. पोरगं सज्जन वाटलं. उन्हाचा तडाखा आहे, दुसरं काही नाही. बॅकअपशिवाय सोडलेला सर्व्हर म्हणजे काय असतं हे मी एकोणीसशे अठ्ठ्याण्णव साली पाहिलेलं आहे, ते भूत मला पुरेसं आहे.

सोमवार, २० मे

झालं. सकाळी नवा रोल केला. प्रमुख: पंचशीला ओव्हाळ. एका नावाला एका वेळी एकाच ठिकाणाहून प्रवेश, हा नियमही घातला. नवं सर्टिफिकेट निघालं, पाच वर्षांचं. बाराही चेंबरच्या पेट्यांनी ते स्वीकारलं आणि दुपारी पहिल्या गावाला माझ्या नावानं पाणी सुटलं. त्या गावची एक बाई फोनवर वनमालाला म्हणाली, आज धार जोराची हाय, कोण नवीन आलंय का. मी पाठमोरी उभी राहिले, डोळे भरले ते कोणाला दिसू नयेत म्हणून.

मग बॅकअप, नियमाप्रमाणे. रोल, सर्टिफिकेट आणि त्याची गुप्त किल्ली, तिन्ही एका फाइलमध्ये. फाइलला पासवर्ड, पासवर्ड कागदावर, कागद पाकिटात, पाकिटावर लाख. ड्राइव्ह आणि पाकीट लोखंडी कपाटात, कपाटाची चावी माझ्या पर्समध्ये. हे जुळवून कोणीही सर्व्हरपुढं बसलं तर सर्व्हरच्या दृष्टीनं ती मीच. बॅकअपचा अर्थच तो आहे: मी नसले तरी माझी जागा अडू नये.

जुनी ड्राइव्ह पाहिली. राधाकिशनचा बॅकअप ९ एप्रिल २०२२चा आहे. त्याआधी त्यानं कधी घेतला नव्हता.

मंगळवार, २१ मे

घाटात ट्रक बंद पडला होता, ऑफिसला पोचायला पावणेदहा झाले. हजेरीच्या यंत्रात माझा अंगठा नऊ वाजून दोन मिनिटांनी लागलेला आहे. प्रवीणना सांगितलं. ते म्हणाले, यंत्र चायनाचं आहे मॅडम.

वनमाला माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत होती. विचारलं तर म्हणाली, तुमी सकाळी साडी दुसरी नेसला होता ना.

गुरुवार, २३ मे

बुद्धपौर्णिमा. पांढरी साडी नेसून सातला विहारात गेले. भामाबाई दारातच भेटल्या, जय भीम केला, मग थांबून म्हणाल्या, ताई, आत्ता तर तुमी आत बसलात की, म्या तुमाला पाट दिला. मी आत जाऊन पाहिलं. पुढच्या ओळीत एक पाट रिकामा होता. हजेरीवहीत माझी सही होती. सहीतल्या ळ ची शेपटी मी वडिलांकडून शिकले, तशी कोणी काढत नाही. तीही होती.

वंदना म्हणताना माझा आवाज मला एकदा डावीकडून आला.

भामाबाईंना म्हणाले, तुमचा चष्मा बदला. त्या चष्मा लावत नाहीत.

शनिवार, २५ मे

चैतालीला फोन केला. ती खूश होती. म्हणाली, आई, सकाळी किती दिवसांनी तासभर बोललीस, बरं वाटलं, आणि बाबांबद्दल जे सांगितलंस ते तू आधी का नाही सांगितलंस.

सकाळी मी बोललेले नाही.

तिच्या बाबांबद्दल जे आहे ते मी जगात कोणालाही सांगितलेलं नाही. काय सांगितलं हे विचारण्याचं मला धाडस झालं नाही. मी हो म्हणाले. आपल्या मुलीशी खोटं बोलले आणि फोन ठेवला.

सोमवार, २७ मे

हरिबाला गाठला आणि सात नंबरबद्दल विचारलं. तो खाली बसला. शेळ्या पांगल्या तरी उठला नाही. त्यानं सांगितलेलं सगळं लिहिते, कारण हे पोलिसांनी लिहून घेतलं नव्हतं.

साहेब त्या दिवशी चेंबरात उतरले. म्हणाले, हरिबा, मला माझं नाव पुसायचंय, ऑफिसातून पुसू देत न्हाई, इथून पुसतो, तू झाकण लावू नको. हरिबा झाकणापाशी उभा राहिला. शेळ्या बाभळीकडं गेल्या म्हणून दहा पावलं गेला आणि वळला, तर वर ऑफिसच्या खिडकीत साहेब. खुर्चीवर बसलेले, पंख्याखाली, मान खाली घालून लिहीत होते. हरिबाला वाटलं, आपण पाठ फिरवली तेवढ्यात वर गेले. उघड्या चेंबरात शेळी पडंल म्हणून त्यानं झाकण लावलं.

मग पाण्याचा आवाज आला. मग झाकणावर आतून.

त्यानं आधी खिडकीकडं पाहिलं. साहेब तिथंच होते. म्हणून त्याला वाटलं, आतला आवाज पाण्याचा असंल. वर पळत गेला तेव्हा खुर्ची रिकामी आणि पंखा चालू. परत खाली आला तेव्हा आतला आवाज थांबला होता.

दोन वर्षं हे पोटात ठेवलंय. मी त्याला रागावू शकले नाही.

मंगळवार, २८ मे

कपाट उघडलं. माझी ड्राइव्ह फोडली, पाकीट जाळलं. मग माझा रोल पुसायला सर्व्हरवर गेले. पासवर्ड बरोबर, अंगठा बरोबर. पडद्यावर ओळ आली:

पंचशीला ओव्हाळ या नावाने आधीच प्रवेश झालेला आहे. दुसरा प्रवेश देता येत नाही.

कुठून झाला हे पाहिलं. ठिकाण: ऑफिस. याच खोलीतल्या याच यंत्रावरून. खुर्चीवर मी बसलेली होते.

सतरा वेळा केलं. यंत्र बंद करून चालू केलं. वीज काढली. वनमाला हात धरून म्हणाली, मॅडम, बास करा, तुमी आत्ताच उठून चहा प्यायला गेलात ना, परत कवा आलात.

प्रवीणना पत्र दिलं: माझं नाव सर्व्हरवरून काढण्याचा लेखी आदेश द्या. ते बराच वेळ वाचत होते. मग म्हणाले, मॅडम, अर्ध्या तासापूर्वी तुम्हीच लिहून दिलंत, की काहीही झालं तरी नाव काढायचं नाही. पत्र दाखवलं. ळ ची शेपटी.

म्हणाले, नावासाठी तुम्हीच भांडलात.

बुधवार, २९ मे

पुण्याला जायचं ठरवलं. चैतालीला फोन केला. तिनं विचारलं, कोण बोलतंय.

मी म्हणाले, आई.

ती म्हणाली, आई दुसऱ्या फोनवर आहे. कोण आहात तुम्ही. परत फोन केलात तर पोलिसांत देईन.

मागून हसण्याचा आवाज आला. माझं हसणं मी रेकॉर्डवर ऐकलेलं आहे, मला ओळखता येतं—

भामाबाईंच्या दाराला कुलूप. आत माझ्या खोलीत दिवा. शेजारणीनं सांगितलं की ताई झोपल्यात, भामाबाई म्हणाल्या कुणाला उठवू देऊ नका. माझ्याकडे पाहून तिनं विचारलं, तुमी कोणाकडं आलात.

रात्र जीपच्या थांब्यावर काढली. हे सगळं मी माझ्या हातानं करून दिलं. फाइल केली, किल्ली घातली, लाख लावली. मी नसले तरी जागा अडू नये म्हणून.

युवराजनं तिसऱ्या दिवशी पुसलं. मी नऊ दिवस घालवले, माझं म्हणणं खरं करण्यात.

गुरुवार, ३० मे, दुपारी तीन

एकच मार्ग राहिला आहे. सात नंबरच्या पेटीत प्रमुखाच्या सर्टिफिकेटची मूळ प्रत असते. राधाकिशननं बांधतानाच तशी सोय केली होती, ऑफिस बंद पडलं तर प्रमुखाचं नाव तिथून काढता यावं म्हणून. टॅबला वायर लावली की पाच मिनिटांचं काम. ज्या नावासाठी वडील हात जोडून उभे राहिले ते मी स्वतःच्या हातानं पुसणार आहे. सर्व्हरमधून. फक्त सर्व्हरमधून.

मी मूर्ख नाही. राधाकिशन कशानं मेला हे मला ठाऊक आहे. कागद केला आहे: झाकण कोणत्याही कारणानं लावू नये, मी स्वतः वर येऊन हातात हात देईपर्यंत मी आत आहे असंच समजावं. प्रवीण, वनमाला, हरिबा, तिघांच्या सह्या. हरिबानं अंगठा दिला आणि रडला. ऑफिसला कुलूप लावून चावी माझ्याकडे घेतली आहे. आत कोणी नाही, टेबलाखालीसुद्धा पाहिलं.

३.५२

उतरले. शिडीच्या अकरा पायऱ्या. वर चौकोनी आभाळ आणि तीन डोकी. पेटी उघडली. वायर लागली. फोनला रेंज नाही. टॅब चालू—

३.५८

नाव दिसलं. पुसू का विचारतंय. हो म्हटलं. टक्के चढताहेत, सावकाश.

वर हरिबाचा आवाज. शेळ्या.

४.०३

बासष्ट टक्के. वर दोनच डोकी. वनमालाला हाक मारली. ती खाली बघते आहे, सरळ माझ्या तोंडावर बघते आहे, आणि प्रवीणना विचारते आहे की मॅडम वर कवा गेल्या.

मी ओरडले. इथं आहे.

४.०५

ती खिडकीकडं बोट दाखवते आहे. म्हणते, त्या बघा की, बसल्यात, लिव्हतायत. तुम्ही कागदावर सही केली आहे, असं मी ओरडते आहे. प्रवीण म्हणाले, हातात हात देईपर्यंत, असं लिहिलंय. मग कोणीतरी वरून हाक मारली. लांबून. माझ्या आवाजात. म्हणाली, वर या, हात देते.

हरिबा म्हणाला, शेळी पडंल.

४.०७

झाकण.

शिडीवर चढून खांद्यानं रेटलं. हलत नाही. पावलं वर जाताहेत, चढावर, हसत. वनमाला म्हणते आहे, मॅडम, जीव खाल्ला होता तुमी आमचा—

टॅबचा उजेड आहे. त्यावर लिहिते. शहात्तर टक्क्यांवर थांबलं आहे.

४.१०

ओळ उमटली.

व्हॉल्व्ह सात, उघडा. हुकूम देणारा: पंचशीला ओव्हाळ. ठिकाण: ऑफिस.

मोटर फिरायला लागली. पूर्ण उघडायला बारा मिनिटं. मीच मोजली होती.

तारीख, वेळ झाली. आता राग.

प्रति, माझ्या खुर्चीवर बसलेल्या बाईस. तुमच्याकडे माझी सही आहे, साडी आहे, माझी मुलगी आहे. या नावासाठी माझा बाप ज्या दारात उभा राहिला तिथं तुम्ही नव्हता. हे नाव तुम्ही कोणत्या अधिकारानं वापरता याचा लेखी खुलासा आज, ३० मे २०२४, दुपारी चार वाजून बावीस मिनिटांच्या आत मला इथं मिळाला पाहिजे. तोंडी चालणार नाही. परस्पर चालणार नाही. खुलाशाखाली पंचशीला ओव्हाळ अशी सही करू नये, तुमचं स्वतःचं जे काही नाव असेल ते—

पाणी गार आहे. घोट्याच्या वर—

वेळेत उत्तर न आल्यास मी—